पिल्लांचा समुद्र

त्र्यंबकच्या डोंगरावर पडलेला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच रांगेतून पश्चिमेला उतरणारी वैतरणा जेमतेम दशांश वाटेत अर्नाळ्याजवळ अरबी समुद्र गाठते. नाशिककराला एरवी समुद्र भेटतो तो कसारा घाट चढून येणाऱ्या बर्फाच्या पेट्यांत, नाही तर हरसूल, पेठ, सुरगाण्याच्या आठवडी बाजारातल्या सुकट-बोंबलाच्या पाटीत.

पेटीतला पापलेट तळहातापेक्षा लहान निघाला की वाद सुरू होतो. गिऱ्हाईक म्हणतं, मासाच उरला नाही. कोळीण म्हणते, मोठ्या जाळेवाल्यांनी समुद्र खरवडून नेला. सरकार म्हणतं, लहान मासा धरू नका. तिघांचंही थोडंथोडं खरं आहे, पण तिन्ही उत्तरं जाळ्यापाशी येऊन थांबतात. जाळ्यात येण्याआधी तो मासा कुठे होता, तिथेच का होता, आणि एखाद्या वर्षी तिथे का नव्हता, याची चौकशी फारशी होत नाही. या चौकशीत जगभरात आणि आपल्या किनाऱ्यावर काय हाती लागलं आहे, ते इथे मांडायचं आहे.

हा प्रश्न सगळ्यात चिकाटीने विचारला गेला तो सॅमनच्या बाबतीत. (हॉटेलच्या मेनूकार्डावर आपल्या रावसाला इंडियन सॅमन म्हणतात, पण दोघांचं कूळ वेगळं.) पॅसिफिकचा सॅमन नदीच्या गोड्या पाण्यात जन्मतो, जातीप्रमाणे काही आठवडे ते दोन-तीन वर्षं तिथे काढतो आणि वसंतात, उन्हाळ्यात समुद्रात उतरतो. तिथे एक ते चार-पाच वर्षं वाढून जन्मनदीत परततो, अंडी घालतो आणि बहुतेक जातींत तिथेच मरतो. या स्वभावामुळे अभ्यासकांना एक दुर्मीळ सोय झाली. मासा जातानाही मोजता येतो आणि येतानाही. कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणाला मासे चढून जाण्यासाठी पायऱ्यापायऱ्यांची वाट ठेवलेली आहे. त्या वाटेने वर जाणारे मासे १९३८ पासून मोजले जातात. मधला समुद्रातला काळ मात्र अंधारात होता. तो उजेडात आणण्यासाठी अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेने १९९८ पासून ऑरेगन-वॉशिंग्टनच्या किनाऱ्यासमोर जाळी ओढून मुद्दाम सॅमनची पिल्लंच धरायला सुरुवात केली. पिल्लू जिथे सापडलं तिथलं तापमान, क्षारता, हरितद्रव्य, खोली हे सगळं त्याच्यासोबत टिपलं गेलं.

त्यातून दिसलं की पिल्लं समुद्रभर विखुरत नाहीत. किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्यात, हिरवट पाण्यात ती दाटी करतात, आणि हा पट्टा दरवर्षी सरकतो, आखडतो, पसरतो. एकाच नदीची, एकाच जातीची पिल्लंही एका वाटेने जात नाहीत. वसंतात नदी चढणाऱ्या चिनूक सॅमनची पिल्लं समुद्रात आल्याबरोबर झपाट्याने उत्तरेला, अलास्काच्या दिशेने निघतात. शरदात चढणाऱ्यांची पिल्लं किनारा धरून रेंगाळतात. त्यामुळे समुद्र एका ठिकाणी बिघडला तर एका घराण्याला फटका बसतो आणि दुसरं सुटतं.

तापमानाचं काय? बातम्यांत सगळा दोष त्याच्यावर येतो. पण ऑरेगनच्या न्यूपोर्टसमोर समुद्रशास्त्रज्ञ बिल पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून दर पंधरवड्याला पाण्यातले कोपेपॉड, म्हणजे तांदळाच्या कणीहून लहान तरंगते जीव, मोजले आणि गोष्ट उलगडली. उत्तरेकडून थंड पाणी येतं तेव्हा त्यासोबत येणारे कोपेपॉड चरबीने भरलेले असतात, कारण त्यांना लांबलचक हिवाळा काढायचा असतो. दक्षिणेच्या किंवा खुल्या समुद्राच्या उबदार पाण्यातले किडकिडीत असतात. सॅमनचं पिल्लू हे जीव थेट फारसे खात नाही. ते खाणारे छोटे मासे आणि क्रिल खातं, आणि चरबी पायरीपायरीने वर चढते. पाणी दोन अंशांनी तापल्याने पिल्लू मरतं असं क्वचितच होतं. पाणी तापलं याचा अर्थ वेगळं पाणी आलं, आणि त्यासोबत निकस अन्न आलं. थर्मामीटर आपल्याला फक्त निरोप देतो.

हे पाणी पालटतं कसं, याचा मोठा आराखडा १९९७ मध्ये नेथन मँचुआ आणि सहकाऱ्यांनी मांडला. उत्तर पॅसिफिकचं तापमान दशकादशकांच्या झोकांनी बदलतं. एका झोकात अलास्काचा सॅमन फोफावतो आणि वॉशिंग्टन-ऑरेगनचा खंगतो, दुसऱ्यात उलट. पण निसर्ग आराखड्यात बसून राहत नाही. २००९ साली कॅनडाच्या फ्रेझर नदीत कोटीभर सॉकआय सॅमन परततील असा अंदाज होता, आले पंधरा लाखांच्या आसपास. सरकारने न्यायमूर्ती कोहेन यांचा चौकशी आयोग बसवला. आयोगाचं काम सुरू होतं न होतं तोच २०१० मध्ये त्याच नदीत अडीच कोटींहून जास्त मासे लोटले. आयोगाच्या २०१२ च्या अहवालात एकच असा गुन्हेगार सापडला नाही. पुढे २०१४ ते २०१६ या काळात उत्तर पॅसिफिकमध्ये तापलेल्या पाण्याचा प्रचंड पट्टा तळ ठोकून बसला (शास्त्रज्ञांनी त्याला ‘ब्लॉब’ म्हणजे गोळा असं गमतीदार नाव दिलं) आणि जुने ठोकताळेही डळमळले.

या सगळ्याच्या मुळाशी नॉर्वेच्या योहान यॉर्ट यांनी १९१४ मध्ये मांडलेली कल्पना आहे. माशांची पिढी भरघोस निघणार की बारकी, हे किती अंडी पडली यापेक्षा पिल्लांच्या अगदी पहिल्या दिवसांत त्यांना अन्न गाठता आलं का, यावर ठरतं. शंभर वर्षांत या कल्पनेला पुष्कळ पुरवण्या जोडल्या गेल्या, पण ती मोडीत निघालेली नाही.

आता आपला किनारा. सॅमनचा धडा इथे जसाच्या तसा गिरवून चालत नाही, कारण अरबी समुद्राचं अन्नछत्र दोन वेगळ्या इंजिनांवर चालतं. केरळ-कर्नाटकासमोर नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या काळात खोलातलं थंड, पोषक पाणी वर येतं. जसजसं उत्तरेला यावं तसा या उपशाचा जोर ओसरतो. उत्तर अरबी समुद्रात मात्र हंगाम हिवाळ्यात असतो. जमिनीवरून येणारे कोरडे, गार वारे पृष्ठभागाचं पाणी थंड करतात, ते जड होऊन बुडतं आणि खालची पोषकद्रव्यं वर घुसळली जातात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या एम. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी हे १९९६ मध्ये दाखवून दिलं. महाराष्ट्राचा किनारा या दोन इंजिनांच्या मधोमध येतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गला दक्षिणेची सावली, पालघर-डहाणूला उत्तरेची. ‘कोकणचा समुद्र’ असं सरसकट बोलून मासेमारीचे नियम करायला म्हणूनच माझा विरोध आहे.

दुसरा फरक प्राणवायूचा. अरबी समुद्रात साधारण दीडशे-दोनशे मीटरपासून हजारेक मीटरपर्यंत पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच. जगातल्या अशा सर्वांत जाड थरांत त्याची गणना होते. पावसाळ्यात खालचं पाणी किनाऱ्याकडे चढतं तेव्हा हे गुदमरलेलं पाणीही उथळ तळावर पसरतं. वर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याची पातळ साय असते, त्यामुळे हवा खाली मिसळत नाही. गोव्यात कांदोळीसमोर १९९७ पासून चाललेल्या मोजणीत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाचा प्राणवायू संपून जातो असं दिसलं. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये त्यावर लिहिलं, आणि शेतातून वाहून येणारी खतं हा प्रकार वाढवत असावीत अशी शंकाही नोंदवली. पिल्लांच्या दृष्टीने याचा अर्थ असा की घराचा खालचा मजला बंद पडतो. पावसाळ्यात जन्मलेलं पिल्लू वरच्या पातळ थरात आणि किनाऱ्याकडे ढकललं जातं.

इथे आपलं कॅलेंडर पाहा. पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची. ती अंडी घालणाऱ्या माशांना आडोसा देते, आणि वादळी समुद्रात होड्या जाऊ नयेत हेही साधतं. पण पिल्लं वरच्या थरात सगळ्यात दाटीने कोंबली जातात ते बंदी उठल्यानंतर, नेमक्या जाळी पुन्हा पाण्यात पडतात त्या महिन्यांत.

तारलीचं उदाहरण जरा सविस्तर घ्यायला हवं, कारण आपल्याकडे सॅमनच्या तोडीचा इतिहास फक्त तिलाच आहे. तारली जेमतेम अडीच वर्षं जगते, पहिल्या वर्षातच अंडी घालू लागते, आणि तिचं अंडी घालणं पावसाळ्याशी बांधलेलं आहे. म्हणजे पाऊस आणि वारा एका वर्षी चुकले तर लगेच पुढच्या वर्षी बाजार रिकामा. जेम्स हॉर्नेल यांनी १९२० च्या दशकात मद्रास इलाख्यासाठी तिचा जीवनक्रम अभ्यासला, तेव्हाही किनाऱ्यावरचे लोक तिच्या लहरीपणाच्याच तक्रारी करत होते. १९४० च्या दशकात ती इतकी आटली की तिची पिल्लं धरण्यावर निर्बंध आले. अलीकडचे आकडे तर चक्रावून टाकतात. केरळात २०१२ साली सुमारे ३.९ लाख टन तारली उतरली. २०१५ च्या एल निन्योनंतर ती कोसळली, २०२१ मध्ये जेमतेम ३,३०० टन. आणि २०२२ मध्ये पुन्हा लाखभर टन! मासेमारी कमी-जास्त झाल्याने असा शंभर पटींचा लंबक हलत नाही.

कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या ई. विवेकानंदन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की १९८५ पर्यंत जवळजवळ सगळी तारली मलबारच्या पट्ट्यात, म्हणजे चौदाव्या अक्षांशाच्या दक्षिणेला मिळत होती. पुढच्या दोन दशकांत ती उत्तरेकडे, आपल्या किनाऱ्यापर्यंत सरकली. उत्तरेचं पाणी उबदार झाल्याने तिला नवं घर मिळालं, असा त्यांचा अर्थ. बांगड्याने दुसरी वाट धरली. तो खोल गेला. १९८५-८९ मध्ये तळ ओढणाऱ्या ट्रॉल जाळ्यांत बांगड्याच्या एकूण उत्पादनापैकी सुमारे २ टक्केच येत होता, २००३-०७ मध्ये १५ टक्के. हे निष्कर्ष मला पटतात, पण चिमूटभर मीठ टाकून. याच काळात रत्नागिरी-मालवणकडे पर्ससीन जाळी आणि मोठ्या यांत्रिक होड्या आल्या. जिथे जाळं गेलं तिथे मासा ‘सापडला’. मासा सरकला किती आणि होडी सरकली किती, हे निव्वळ बंदरावर उतरलेल्या मालाच्या वजनावरून वेगळं करणं कठीण आहे.

समुद्र तापतोय यात मात्र वाद नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी २०१४ मध्ये मांडलं की १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराचं उन्हाळी तापमान १.२ अंश सेल्सियसपर्यंत वाढलं. दोन वर्षांनी त्यांच्याच गटाने तिथल्या वनस्पतीप्लवंगांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींत, साठ वर्षांत २० टक्क्यांपर्यंत घट नोंदवली. वरचा थर तापून हलका झाला की तो झाकणासारखा बसतो आणि खालचं पोषण वर येईनासं होतं. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात हिरव्या नॉक्टिल्युका या तरंगत्या सूक्ष्म जीवाची दाट साय धरू लागली आहे. कोकणच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकल्या की लोक फोटो काढायला धावतात, त्यामागे हाच जीव असतो. तो छोट्या माशांच्या फारसा उपयोगी पडत नाही. जेलीसारख्या पारदर्शक जीवांना मात्र तो मेजवानी ठरतो.

आणखी एक गुंतागुंत. २०२४ मध्ये केरळात तारलीची पिल्लं इतकी आली की भाव पडले, पण मासा मोठाच होईना. कोचीच्या संस्थेने दिलेलं कारण ऐकण्यासारखं आहे. पाऊस चांगला झाला, अन्न मुबलक झालं, त्यामुळे एरवी मरणारी पिल्लंही जगली आणि मग त्या गर्दीला अन्न पुरेनासं झालं. समुद्राने चांगली वागणूक दिल्याचा हा परिणाम. अशा वर्षी लहान मासा म्हणजे अतिमासेमारी, हे समीकरण सरळ चुकतं.

उत्तरेला, रत्नागिरीच्या वर, नियम बदलतात. तिथे राज्य भरती-ओहोटीचं. खंभातच्या आखातात भरतीचा चढ-उतार दहा मीटरपर्यंत जातो, मुंबईला चार-पाच मीटर, कोचीला मीटरभर. मुंबईसमोर समुद्रतळाचा उथळ ओटा तीनशे किलोमीटर पसरलेला आहे. गढूळ, चिखलाळ, सतत हलणारं हे पाणी बोंबलाला मानवतं. रत्नागिरीच्या दक्षिणेला तो जवळजवळ दिसेनासा होतो आणि मग एकदम बंगालच्या बाजूला भेटतो. एस. व्ही. बापट यांनी १९७० मध्ये त्याच्यावर लिहिलेली पुस्तिका आजही वाचावी अशी आहे. बोंबील धरायची डोल भरती-ओहोटीच्या प्रवाहावरच बेतलेली आहे. जाळं एका जागी रोवलेलं, तोंड प्रवाहाकडे. मोठ्या भरतीच्या उधाणाला माल जास्त, लहान भरतीच्या भांगाला कमी. प्रवाहाबरोबर जे वाहत येईल ते जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत, खोल्यात, जमतं: जवळा, मांदेली, करंदी, आणि त्यांच्यात बोंबलाची, पापलेटाची पिल्लं. डोल मासा शोधायला जात नाही. या गुणाकडे मी शेवटी येणार आहे.

नद्यांचं काय? कोलंबियाचं गोडं पाणी समुद्रात घुसून जो पट्टा तयार करतं, तो सॅमनच्या पिल्लांचं पहिलं अंगण असतं. आपल्याकडे हे काम खाड्या करतात. कोलंबी समुद्रात अंडी घालते आणि तिची पिल्लं मचूळ खाडीत शिरून तिवरांच्या मुळांत वाढतात. रावसाची पिल्लंही खाडीमुखाच्या गढूळ पाण्यात असतात. वैतरणेची खाडी अशीच. पण त्या नदीवर आता इगतपुरी तालुक्यातलं अप्पर वैतरणा, खाली मध्य वैतरणा आणि मोडकसागर अशी तीन धरणं ओळीने उभी आहेत, मुंबईच्या नळांसाठी. धरणं भरेपर्यंत पावसाळ्याचा पहिला लोट वरच अडतो आणि खाडीला गोडं पाणी उशिरा, मग एकदम मिळतं. पिल्लांच्या वेळापत्रकावर याचा काय परिणाम होतो, हे धरणाच्या कुठल्याही फायद्या-तोट्याच्या हिशेबात मला दिसलेलं नाही. नाशिक जिल्ह्यात पाण्याची भांडणं होतात ती मुंबई, मराठवाडा, ऊस आणि द्राक्षं यांच्यात. खाडीतली कोलंबी त्या बैठकीला नसते.

गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला तर थेट सॅमनचा समधर्मी आहे. पाला, बंगाल्यांचा इलिश, समुद्रात वाढून पावसाळ्यात नदी चढतो. आंध्रात तो पुलस म्हणून सोन्याच्या भावाने विकला जातो. आर्थर कॉटन यांनी १८५२ मध्ये पुरा केलेला धवळेश्वरमचा बंधारा ही त्याची हद्द. गंगेत पूर्वी तो अलाहाबादेच्याही वर जायचा, १९७५ च्या फराक्का बंधाऱ्याने ती वाट तुटली. बांगलादेशाने मात्र पिल्लांच्या जागा ओळखून काम केलं. २५ सेंटिमीटरपर्यंतच्या पिल्लांना तिथे ‘जाटका’ म्हणतात. ती ज्या नदीमुखांत वाढतात ते पट्टे अभयारण्य म्हणून ठराविक महिने बंद ठेवले, आणि त्या काळात कोळ्यांना धान्य दिलं. शतकाच्या सुरुवातीला दोन लाख टनांच्या आसपास असलेलं इलिशचं उत्पादन पाच लाखांवर गेलं. या यशात निसर्गाचा वाटा किती, यावर मतभेद होऊ शकतात. पण जागा आणि महिना धरून केलेला नियम निव्वळ लांबीच्या नियमापेक्षा वेगळा असतो, हे त्यातून दिसतं.

आपण लांबीचा नियम केला. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटाला राज्य मासा घोषित केलं, आणि त्याच सुमारास ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर धरता येणार नाही. नियम वाईट नाही. पण डोलीच्या खोल्यात पिल्लू आलं तेव्हाच ते मेलेलं असतं. पट्टी लावून ते जिवंत होत नाही. कोळ्याला आधी कळायला हवं की या पंधरवड्यात, या पाण्यात पिल्लं आहेत. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासे कुठे मिळतील याचे अंदाज मच्छीमारांना रोज पुरवते. पिल्लं कुठे असतील आणि कुठे जाऊ नये, असा अंदाज त्याच माहितीतून का निघू नये? अडचण एवढीच की तो पडताळायला समुद्रातल्या पिल्लांची मोजणी लागते. आपली मुख्य आकडेवारी बंदरांवर उतरलेल्या मालाच्या नमुन्यांवर उभी आहे. ‘सागर संपदा’सारखं संशोधन जहाज १९८४ पासून फिरतं आहे, मुंबईच्या भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्थेची जहाजंही आहेत. पण संपूर्ण देशाचा समुद्र पाहणाऱ्या जहाजाकडून दर पंधरवड्याला अर्नाळ्यासमोर त्याच जागी यायची अपेक्षा करता येत नाही.

तिथे डोल कामाला येते. ती वर्षानुवर्षं ठरलेल्या जागी असते, प्रत्येक उधाणाला पाणी गाळते, मासा निवडत नाही. न्यूपोर्टला जहाज पाठवून जे करावं लागतं, त्यातलं बरंचसं वसई, अर्नाळा, डहाणूपर्यंतच्या कोळीवाड्यांत आधीच होतं आहे, फक्त कुणी लिहून घेत नाही. प्रत्येक बंदरातल्या दोन-चार डोलींकडून दर उधाणाला टोपलीभर न निवडलेला माल विकत घ्यावा, सोबत पाण्याचं तापमान, क्षारता आणि प्राणवायू मोजावा, पिल्लं जातवार मोजावीत. वर्सोव्याच्या मत्स्यशिक्षण संस्थेच्या विद्यार्थ्यांना हे सहज जमेल. दहा वर्षांत आपल्याकडे तारलीसारखीच बोंबलाची आणि पापलेटाचीही गोष्ट तयार होईल, आणि ती वजनाच्या आकड्यांपेक्षा विश्वासार्ह असेल. खर्च फार नाही. अडसर २०२३ च्या नियमाचाच आहे. ज्याच्या जाळ्यात पिल्लू सापडलं त्याच्यावर कारवाई होणार असेल, तर तो टोपली दाखवायच्या आधी पिल्लं समुद्रात फेकून देईल. माहिती देणाऱ्या डोलींना त्या कलमातून सूट द्यावी लागेल, आणि ती मोजणी सुरू करण्याच्या आधी, लेखी द्यावी लागेल.